कुऱ्हाड धुतली होती का?

"मग कुऱ्हाड धुतली ना त्यानं?" सरकारी वकिलांनी आवाज न चढवता विचारलं. खान्देशातलं एक सेशन्स कोर्ट, एप्रिल सरत आलेला, पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतोय. साक्षीला उभा असलेला पोरगा आरोपीचाच पुतण्या. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हो. हौदावर." स्टेनोनं टाइप केलं. तेवढ्यात मागे पिंजऱ्यात उभा असलेला माणूस, कोणी काही विचारलेलं नसताना, स्वतःशीच पुटपुटला, "डोकं फिरी गयं व्हतं. माले काहीच समजनं नही." हे काही टाइप झालं नाही, होणारही नव्हतं. आरोपीनं बोलायची वेळ सगळा पुरावा संपल्यावर येते. पण हौदावरचं पाणी आणि फिरलेलं डोकं, यातलं खरं काय, हा सल तिथून निघाल्यावरही गेला नाही. कारण दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि कायद्याला मात्र त्यातलं एकच घ्यावं लागतं.

माणूस करतो ते स्वतःच्या मर्जीनं करतो, की आधीच ठरून गेलेलं असतं ते त्याच्या हातून घडतं? खान्देशाला हा प्रश्न परका नाही. अमळनेरला प्रताप शेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, कापसाच्या आणि गिरणीच्या गावात, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिला. साने गुरुजी तिथेच शिकले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि ती गुरुजींनीच उतरवून घेतली. त्या गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो तो प्रश्न थेट पिंजऱ्यातल्या माणसाचा आहे: इच्छा नसताना, कुणी बळेच ढकलावं तसा, माणूस पाप कशामुळे करतो? मला गंमत वाटते ती वेगळीच. त्या तुरुंगात ऐकायला बसलेल्यांत सत्याग्रही होते, म्हणजे जाणूनबुजून, आधी जाहीर करून कायदा मोडून आलेले लोक. स्वतःच्या मर्जीनं गुन्हा करणारे इतके शंभर नंबरी गुन्हेगार कुठल्याच सेशन्स जज्जला परत मिळाले नसतील. आणि त्यांच्यासमोर विषय निघतोय तो नको असताना घडणाऱ्या पापाचा.

अठराव्या अध्यायात तर कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, करण (म्हणजे साधन), निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. एफआयआरच्या छापील फॉर्मात यातल्या एकासाठीच नीट रकाना आहे. आरोपीचं नाव, वय, धंदा, राहणार.

आता कायदा नेमकं काय विचारतो ते बघू. जुन्या दंडविधानाचं कलम ८४, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२. त्यात म्हटलंय की कृत्य करताना, मन ठिकाणावर नसल्यामुळे, आपण काय करतोय हे कळण्याची किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे हे कळण्याची कुवतच ज्याच्यात नव्हती, त्याचा तो गुन्हा नाही. याचं मूळ १८४३ च्या लंडनमध्ये आहे. मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील यांचा सचिव गोळी घालून मारला आणि भ्रमिष्ट म्हणून तो निर्दोष सुटला. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा न्यायाधीशांनी जे नियम सांगितले तेच १८६० मध्ये आपल्याकडे आले. शब्द नीट बघा. कळत होतं का, एवढंच विचारलंय. आवरत होतं का, हे विचारलेलं नाही. स्वतःला रोखण्याची ताकद होती का, इच्छा स्वतंत्र होती का, यावर कायदा एक अक्षर बोलत नाही. शिक्षा देतो ती माणसानं मनानं केलं म्हणून, आणि तपासतो ते फक्त त्याचं ज्ञान. हा कायद्याचा भित्रेपणा आहे असं पूर्वी मला वाटायचं, आता तितकं वाटत नाही. आवरत नव्हतं आणि आवरलं नाही, यात बाहेरून फरक दाखवणारं साधन आजवर कुणाला सापडलेलं नाही.

म्हणून मग कुऱ्हाड. मनात काय होतं ते दिसत नाही, तर घटनेच्या आधीचं, वेळचं आणि नंतरचं वागणं बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ सालीच सांगून ठेवलंय. पळाला का? लपवलं का? रक्ताचे कपडे बदलले का? कुऱ्हाड धुणाऱ्याला रक्त म्हणजे काय आणि ते कुणाला दिसू नये हे कळत होतं, असा तो हिशोब. याच्या उलट बाजूचा खटला १९७० चा, मध्य प्रदेशातला. एकानं दुसऱ्याच्या जागेतल्या वाळल्या गवताला आग लावली, जागीच सापडला, आणि विचारल्यावर म्हणाला की मी लावली, काय करायचं ते करा. त्याच्या मनाच्या अवस्थेचा वैद्यकीय पुरावाही होता. तो सुटला. मला मात्र हौदाचा प्रश्न पुरता सुटलेला वाटत नाही. शेतातून आल्यावर अवजार हौदावर धुणं हा चाळीस वर्षांचा हात असतो. डोकं फिरलं तरी हात आपली सवय सोडत नाही. उलटतपासणीत बचावाच्या वकिलानं एवढंच विचारायला हवं होतं की रोज धुवायचा का? विचारलं नाही.

खरं सांगायचं तर वेडाचा बचाव हा शंभरातला एखादा. आपल्याकडचे खून होतात ते बांधावर, पाण्याच्या पाळीवरून, विजेचा डीपी कुणी पाडला यावरून, आणि तिथे इच्छेची मोजणी फुटा-मीटरात होते. खुनाच्या व्याख्येला अपवाद आहेत. पहिला, गंभीर आणि अचानक चिथावणी. चौथा, अचानक उसळलेलं भांडण, ज्यात पूर्वतयारी नाही आणि क्रूरपणे वागून गैरफायदा घेतलेला नाही. यात बसलं तर खुनाचं 'तीनशे दोन' जाऊन सदोष मनुष्यवधाचं 'तीनशे चार' लागतं. (नवे आकडे १०३ आणि १०५, पण कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर अजून जुनेच चालतात.) आता हे ठरतं कसं? तलाठी किंवा सर्कलनं काढलेला घटनास्थळाचा नकाशा उघडायचा. भांडण कुठे सुरू झालं, झोपडी कुठे, हत्यार कुठे होतं. कुऱ्हाड शेतातच लाकडाच्या ढिगावर पडलेली होती आणि उचलली, तर एक गोष्ट. वाद बांधावर झाला, हा माणूस गावात घरी गेला, दाराआडची कुऱ्हाड घेऊन परत आला, तर दुसरी. ते जाण्यायेण्याचं अंतर म्हणजे त्याला विचार करायला मिळालेला वेळ. मग शवविच्छेदनाच्या फॉर्मचा १७ नंबरचा रकाना, बाहेरच्या जखमांचा. किती वार, कुठे, किती खोल. दांड्यानं एक आणि पात्यानं पाच यात फरक आहे. पडल्यावर घातलेला वार आणि उभ्याला घातलेला वार यातही आहे. नौदल अधिकारी नानावटीनं बायकोच्या प्रियकराला मारलं, त्या खटल्यात १९६१ साली हेच झालं. बायकोनं संबंधांची कबुली दिली दुपारी, त्यानं तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि गोळ्या सुटल्या त्या तीन तासांनी. राग शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. नौदलाच्या अधिकाऱ्याला तीन तास, आणि आमच्या सालदाराला, म्हणजे सालावर ठेवलेल्या शेतगड्याला, घर ते शेत.

मेंदूचं शास्त्र या बाबतीत काय म्हणतं असं हल्ली कुणीतरी विचारतंच, आणि मग १९८३ चा लिबेट यांचा प्रयोग निघतो. माणसाला फिरत्या ठिपक्याच्या, घड्याळासारख्या तबकडीसमोर बसवायचं, वाटेल तेव्हा मनगट हलव म्हणायचं, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायला लावायचं. हाताच्या हालचालीआधी साधारण ५५० मिलिसेकंद मेंदूत विद्युत चढ सुरू झालेला दिसला, आणि माणसाला इच्छा जाणवली ती जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे इच्छा कळायच्या आत मेंदूनं ठरवलेलं! यावरून मोठमोठे निष्कर्ष निघाले. २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो चढ म्हणजे निर्णय असेलच असं नाही, मेंदूतली नेहमीची उलथापालथ साचत साचत उंबरठा ओलांडते तेव्हा मागे वळून बघितलं तर तसाच चढ दिसतो. मला या वादात फार रस नाही. मनगट कधी हलवायचं यावर कुणाचं काही अडत नाही. बांधावरचा खून अर्धा सेकंद आधी सुरू होत नाही, तो आठ वर्षांपूर्वी सुरू झालेला असतो. वाटणीत सातबारावर नाव चढलं नाही, मोजणी आणली ती एकानं मान्य केली नाही, दर पेरणीला वीतभर बांध कोरला गेला, बैल बांधण्यावरून बायकांची भांडणं झाली. आठ वर्षं रोज तो शांत राहिला, आणि एके दिवशी राहिला नाही. कारणांची साखळी बघायची तर तलाठी कार्यालयापर्यंत बघावी लागेल. कायदा ती साखळी बघतो, पण तिला 'हेतू' म्हणतो, आणि ती आरोपीच्या विरुद्ध वापरतो.

जुनं भांडण सिद्ध झालं की अचानक भांडणाचा अपवाद ढिला पडतो. जितकी जास्त कारणं, तितका माणूस जास्त दोषी.

परत वेडाकडे, कारण तिथे व्यवहारात जे बिघडतं ते सांगितलंच पाहिजे. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, त्याआधी सरकारी दवाखान्यात तपासणी होते. डॉक्टर जखमा बघतात, बीपी बघतात, सही करतात. त्या दिवशी माणूस कसा बोलत होता, झोपला होता का, कुणाशी एकटाच बोलत होता का, हे कुणी लिहीत नाही. आणि पुढे सगळं अडतं ते त्याच दिवसावर. खुनाच्या तपासात आरोपपत्राला नव्वद दिवस मिळतात. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फाइल हातात घेतो तेव्हा कारागृहाच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी माणूस बराचसा शांत झालेला असतो. मग अर्ज होतो, मानसिक तपासणीचा. खान्देशात प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. राज्याची जुनी चार ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. तिथे न्यायचं तर पोलिसांचा गार्ड लागतो, आणि गार्ड कधी बंदोबस्तात असतो, कधी नुसताच मिळत नाही. शेवटी काही महिन्यांनी अहवाल येतो: खटल्याला सामोरा जाण्यास सक्षम. आणि इथे हमखास घोटाळा होतो. आज खटला समजतो का, हा एक प्रश्न. त्यासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे खटला कसा चालवायचा त्या कायद्यात, ३६७ आणि ३६८ ही कलमं आहेत. त्या दिवशी कृत्य समजत होतं का, हा दुसरा, तो कलम २२ चा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला जोडून टाकलेलं अनेकदा दिसतं. शिवाय सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, दिवाणी दाव्यासारखं शक्यतेच्या पारड्यावर भागतं, पण पारड्यात टाकायला कागद तर हवा.

कागद म्हणजे जुने केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावर असं डोकं बिघडलं की आधी भगताकडे नेतात. तो दाणे बघतो, उतारा करतो, कधी महिनाभर ठेवूनही घेतो. आजार त्यानं ओळखलेला असतो, गावानं ओळखलेला असतो, पण केसपेपर निघत नाही. आणि 'वेडा ठरवून सुटला' असं लोक म्हणतात तेही अर्धवटच आहे. असा माणूस निर्दोष ठरला तरी घरी जाईलच असं नाही, त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा हुकूम निघतो आणि तो ताबा किती चालेल याला शिक्षेसारखी तारीख नसते. कित्येक वकील म्हणूनच हा बचाव घ्यायला कचरतात.

दारूचं त्या मानानं लवकर आटोपतं. स्वतःहून प्यायलेल्याला नशेची सबब नाही, ज्ञान शुद्धीतल्या माणसाइतकंच धरलं जातं. व्यसन हा आजार आहे असं वैद्यक म्हणतं, कायदा पहिल्या घोटाजवळ थांबतो.

सातपुड्यातला अवघड प्रश्न डाकिणीचा. गावात लागोपाठ पोरं दगावली, एका बाईकडे बोट गेलं, आणि तिला मारणाऱ्याला मनापासून वाटत होतं की आपण गाव वाचवतोय. १९६० चा ओरिसातला एक निकाल आहे. एका बंद पडलेल्या विमानतळावर रात्री हलते दिवे दिसले, भुतं समजून एकानं खुकरीनं वार केले, ती माणसं निघाली, एक बाई मेली. उच्च न्यायालयानं त्याची सुटका कायम ठेवली, कारण आपण माणसावर वार करतोय हेच त्याला माहीत नव्हतं. डाकिणीच्या बाबतीत हे लागत नाही. समोर कोण आहे ते मारणाऱ्याला नावासकट माहीत असतं. श्रद्धा कितीही खरी असली तरी ती बाई आहे हे कळतंय. आणि डाकीण ठरणारी बाई पुष्कळदा विधवा असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, हे लक्षात घेतलं की श्रद्धेच्या खरेपणाबद्दल माझा आवाज जरा कडक होतो. तरीही ज्याला लहानपणापासून दुसरं काही ऐकायलाच मिळालं नाही, त्याची मोजणी शहरातल्या माणसाच्या पट्टीनं करताना हात आखडतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पाड्यावर दुसरं काही ऐकायला मिळावं यासाठी त्यातली किती कलमं पोचली, ते वेगळंच.

माणसाच्या हातात काही नसतं, सगळं जन्मानं ठरतं, हे सरकारनं कधी मानलंच नाही असं मात्र नाही. पुरेपूर मानलं, पण माफ करण्यासाठी नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा या एकाच समजुतीवर उभा होता: सुताराचं पोर सुतार, तसं चोराचं पोर चोर. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. नोंदणी, अंगठ्याचे ठसे, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. जन्मलेल्या पोराला गुन्हा करण्याआधीच गुन्हेगार ठरवणारा हा नियतिवाद. त्याचं उत्तर खान्देशात आधीच देऊन झालं होतं. १८१८ नंतर कंपनीचे अधिकारी भिल्लांबद्दल लिहायचे ते लुटारूपणा यांच्या रक्तातच आहे अशा थाटात. १८२५ मध्ये कंपनीच्या आउट्रम या अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि ज्यांना लुटारू म्हणत होते तेच गडी मुलखाचा बंदोबस्त बघायला लागले. रक्त तेच होतं, पगार सुरू झाला होता. अर्थात पलटणीचा उपयोग त्यांच्याच भाईबंदांना दाबायलाही झाला, हे विसरता येत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा गेला, आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आजही घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली गाडी जाते. जमातीचा प्रश्न आला की रक्त बोलतं, आणि त्यातलाच एक जण पिंजऱ्यात उभा राहिला की तो अचानक संपूर्ण स्वतंत्र इच्छेचा मालक होतो.

शिक्षेच्या वेळी तरी त्याची कहाणी यावी, अशी कायद्यात सोय आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत वेगळं ऐकून घ्यायचं असतं. फाशीच्या खटल्यांत आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक अहवाल, तुरुंगातलं वागणं हे सगळं मागवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलंय. पण साध्या खुनाला जन्मठेपेपेक्षा कमी देताच येत नाही, त्यामुळे ऐकून घेऊनही न्यायाधीशाच्या हातात काही उरत नाही. रोजनाम्यात एक ओळ पडते: आरोपी घरातील एकटा कमावता आहे, दया दाखवावी. जागा आहे ती १०५ मध्ये, जिथे शिक्षा वर्षांत खालीवर करता येते. म्हणून सगळी लढाई पुन्हा नकाशावरच्या त्या अंतराकडे आणि रकाना १७ कडे येते.

२००२ चा एक निकाल मी अधूनमधून पुन्हा वाचतो. महाराष्ट्र पोलिसांतला एक शिपाई. त्यानं बायकोला दगडी वरवंट्यानं मारलं, दिवसाढवळ्या. ती त्याला नोकरीचा राजीनामा देऊ देत नव्हती, एवढंच कारण. लपवालपवी नाही, पळणं नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडताना इतर गोष्टींबरोबर त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता हे नोंदवलं. वारसा कुणाच्या बाजूनं मोजला गेल्याचं हे मला आठवणारं एकमेव उदाहरण. पण तिथे १९९२ पासूनचे उपचाराचे कागद होते, आणि घटनेनंतरच्या सहा महिन्यांत पंचवीस वेळा दवाखान्यात नेल्याची नोंद होती. सालदाराकडे यातलं काय असणार? थोडं असतं, पण ते पहिल्या आठवड्यातच गोळा करावं लागतं: प्राथमिक आरोग्य केंद्राचं ओपीडी रजिस्टर, आशाताईची डायरी, कारागृहात दाखल करतानाच्या तपासणीची नोंद, पोलीस पाटलाला महिनाभर आधी काय दिसलं ते. माणूस कसा वागत होता हे सांगायला डॉक्टरच लागतो असं नाही, पाहणारा कुणीही सांगू शकतो. भगतसुद्धा. त्याला बचावाचा साक्षीदार म्हणून समन्स काढायचा अर्ज एका पानाचा असतो, आणि बहुतेक फाइलींमध्ये ते पान नसतं.